सेंट पॉल कॅथेड्रल, कोलकाता: रूप गॉथिक, रचना कोणती?

गॉथिक वास्तुकलेवरील प्रश्नाला बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच उत्तर असते: टोकदार कमानी, उंच मनोरे, रंगीत काचा. उत्तर चूक नाही. पण ही लक्षणांची यादी झाली. इमारत उभी कशी राहते, हे त्यात येत नाही. कोलकात्याचे सेंट पॉल कॅथेड्रल मीही अनेक वर्षे वर्गात गॉथिक रचनेचे उदाहरण म्हणून दाखवत होतो. प्रत्यक्ष आत उभे राहून छताकडे पाहिल्यावर हे उदाहरण दुरुस्त करावे लागले.

१. मूळ तत्त्व

मध्ययुगीन फ्रेंच कॅथेड्रलमध्ये दगडी छताचा भार बरगड्यांवाटे ठरावीक ठिकाणी उतरतो. कमान भार खाली देते, तसा बाजूलाही रेटा देते. हा रेटा भिंतीबाहेरचे फ्लाइंग बट्रेस पेलतात. म्हणून भिंत मोकळी होते आणि तिथे काच बसवता येते. कमान, बट्रेस आणि खिडकी ही एकाच गणितातील तीन पदे आहेत. त्या गणिताला मर्यादाही होती. बोव्हे येथील सुमारे ४८ मीटर उंचीचे छत १२८४ मध्ये अंशतः कोसळले.

२. कोलकात्यातील बदल

बिशप डॅनिएल विल्सन यांच्या पुढाकाराने १८३९ मध्ये पायाभरणी झाली आणि १८४७ मध्ये कॅथेड्रल प्रार्थनेसाठी खुले झाले. आराखडा लष्करी अभियंता विल्यम नायर्न फोर्ब्स यांचा. गाळाच्या जमिनीवर वसलेल्या या शहरात दगड जवळपास मिळत नाही. म्हणून बांधकाम विटांचे आणि वर चुन्याचा गिलावा.

इमारतीची लांबी २४७ फूट, रुंदी ८१ फूट. आत बाजूच्या ओळी वेगळ्या करणारे खांब नाहीत. सगळे एकच प्रशस्त दालन. शार्त्रच्या मुख्य दालनाची रुंदी सुमारे १६ मीटर आहे, हे लक्षात घेतले की इथला पल्ला किती मोठा ते कळते. तो पेलला आहे लोखंडी ट्रसनी. दगडी कमानछत नाही, त्यामुळे त्याचा प्रचंड रेटा नाही आणि फ्लाइंग बट्रेसचीही गरज नाही. उष्ण हवेत मोकळे दालन हवे, ही गरज अभियंत्याने अचूक ओळखली.

मात्र त्याच ट्रसवर गॉथिक नक्षी चढवली आहे. माझा आक्षेप इथे आहे. जी गोष्ट इमारतीचे खरे धाडस, तिलाच जुना पोशाख घालून लपवले. याच फोर्ब्स यांनी कोलकात्याची टांकसाळ ग्रीक मंदिराच्या धर्तीवर बांधली होती. चर्चला गॉथिक, टांकसाळीला ग्रीक: शैली इथे रचनेतून आलेली नाही, ती निवडून चढवलेली आहे.

३. मनोरा

मूळ मनोऱ्यावर उंच सुळका होता. १८९७ च्या भूकंपात त्याचे नुकसान झाले, १९३४ च्या भूकंपात तो गेला. नंतर सुळक्याऐवजी कँटरबरीच्या ‘बेल हॅरी’ मनोऱ्याच्या धर्तीवर चौकोनी मनोरा उभारला. निसर्गाने केलेली ही परखड समीक्षाच म्हणायची.

४. पश्चिमेचे काचचित्र

पोर्ट ब्लेअर येथे १८७२ मध्ये हत्या झालेले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या स्मरणार्थ ही खिडकी १८८० मध्ये बसवली. चित्ररचना एडवर्ड बर्न-जोन्स यांची, निर्मिती विल्यम मॉरिस यांच्या कंपनीची. मॉरिस यांनी १८७७ पासून प्राचीन इमारतींत नव्या काचा बसवणे नाकारले होते. जुन्यात नव्याची भेसळ नको, ही भूमिका. कोलकात्याची इमारत नवीच असल्याने ती अडचण नव्हती. दुपार कलली की पश्चिमेचा उजेड या काचांतून आत येतो आणि पाहणारा बोलायचा थांबतो. शिसे, काच आणि ऊन यांपैकी काहीही इथे दुसऱ्याचे सोंग घेत नाही. म्हणूनच कॅथेड्रलमधला हा भाग मला सर्वांत अस्सल वाटतो.

५. निष्कर्ष

हे कॅथेड्रल नक्कल म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल, आणि गॉथिक रचनेचा नमुना म्हणून शिकवणे चुकीचे. ते गॉथिक रूपातले एकोणिसाव्या शतकाचे लोखंडी दालन आहे.

स्वाध्याय: मुंबईतील कुलाब्याचे दगडी अफगाण चर्च किंवा जवळची टोकदार कमानींची कोणतीही इमारत निवडा. छताचा भार जमिनीपर्यंत कसा पोहोचतो याची आकृती काढा. कोणता घटक काढल्यास इमारत पडेल आणि कोणता काढल्यास केवळ शोभा जाईल, ते कारणांसह लिहा.