अद्भुताचा आश्रय : 'सुपरमॅन' चित्रपटांतील मार्गो किडर

रिचर्ड डॉनर दिग्दर्शित 'सुपरमॅन' (१९७८) या चित्रपटाची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. एक, त्यातील उड्डाणदृश्यांच्या तंत्राची. आणि दुसरी, ख्रिस्तोफर रीव्ह यांनी क्लार्क केंट व सुपरमॅन ही एकाच व्यक्तीची दोन रूपे केवळ खांदे, मान आणि आवाज यांच्या बळावर कशी वेगळी केली याची. दोन्ही चर्चा सार्थच आहेत. परंतु लोइस लेनची भूमिका करणाऱ्या मार्गो किडर (१९४८–२०१८) या कॅनेडियन अभिनेत्रीचा विचार 'चुणचुणीत नायिका' एवढ्या शेऱ्यावर आटोपला जातो. श्रेयनामावलीत मार्लन ब्रँडो व जीन हॅकमन यांची नावे चित्रपटाच्या नावाआधी झळकतात. किडर यांचे नाव पुढे सहकलावंतांच्या वर्णानुक्रमात येते. हा व्यापाराचा व्यवहार म्हणून सोडून देता येईल. समीक्षेनेही तोच अनुक्रम निमूटपणे स्वीकारावा, हे मात्र समर्थनीय नाही.

रसचर्चेत आलंबन आणि आश्रय असा भेद केला जातो. ज्याच्यामुळे भाव जागृत होतो ते आलंबन. ज्याच्या ठिकाणी तो जागृत होतो तो आश्रय. झोरान पेरिसिच यांच्या प्रक्षेपण-पद्धतीने उडणारा माणूस दाखविता आला, म्हणजे आलंबन सिद्ध झाले. आश्रय मात्र कोणत्याही यंत्राने सिद्ध होत नाही. या चित्रपटात ते कार्य किडर यांच्याकडे आले आहे.

हेलिकॉप्टरचा प्रसंग पाहावा. 'डेली प्लॅनेट'च्या गच्चीच्या कडेला लोंबकळणाऱ्या हेलिकॉप्टरमधून लोइस कोसळते, सुपरमॅन तिला अधांतरी झेलतो आणि आपण तिला धरल्याचे आश्वासन देतो. त्यावर, त्याला स्वतःला कोणी धरले आहे, अशी तिची शंका. विनोद म्हणून ही शंका पटकथेची आहे. किडर तिचा उच्चार विनोद म्हणून करीतच नाहीत. भरताने अद्भुताचे म्हणून सांगितलेले नेत्रविस्तार, अनिमेष प्रेक्षण हे अनुभाव त्यांच्या मुद्रेवर आहेतच. पण भीतीने चिरकलेल्या त्या आवाजात वार्ताहराची चौकस बुद्धीही जागी आहे. प्रेक्षकाच्या मनातील आक्षेप तिनेच आधी बोलून दाखविल्यामुळे प्रेक्षकाला तो घेण्याचे कारण उरत नाही. विस्मय आणि जिज्ञासा यांची ही सरमिसळ हेच किडर यांच्या भूमिकेचे मर्म होय. शुद्धलेखनाची पंचाईत, पण बातमीचा वास अचूक, अशी ही लोइस आहे.

या कथेतील खरी अविश्वसनीय गोष्ट उड्डाण ही नव्हेच. एका चश्म्याने एवढी चाणाक्ष स्त्री फसते, ही होय. १९३८ पासून चित्रकथांनी ती संकेत म्हणून चालविली. किडर तिला मानसशास्त्रीय आधार देतात. सुपरमॅनबरोबर आकाशविहार करून परतल्यावर काही क्षणांतच क्लार्क तिच्या दारात उभा राहतो. लोइसचे लक्ष नसताना तो चश्मा काढतो, ताठ होतो, सत्य सांगण्याच्या बेतात येतो आणि कच खातो. रीव्ह यांच्या अभिनयाचा नमुना म्हणून हा प्रसंग वारंवार दाखविला जातो. परंतु तो खरा वाटतो याचे कारण लोइसची तंद्री. तिची नजर क्लार्कवर पडते, ठरत नाही. ती अजून आकाशातून उतरलेलीच नसते.

याच विहारात पार्श्वसंगीतावर त्यांच्या स्वरात जे स्वगत ऐकू येते, ते मात्र चित्रपटाचे वैगुण्य आहे. मुद्रेने जे आधीच सांगून टाकले, त्याचे शब्दांत भाष्य कशाला हवे होते?

शेवटी भूकंपात गाडीसह गाडली गेलेली लोइस कालचक्र उलटे फिरविल्यामुळे जिवंत होते. तिच्या दृष्टीने काही घडलेलेच नाही. समोर शोकातून नुकताच बाहेर आलेला सुपरमॅन, आणि ही बिघडलेल्या गाडीबद्दल कुरकुरते आहे. येथे कृतज्ञतेचा लवलेश जरी दिसता, तरी प्रसंग भावविवश झाला असता.

दुसऱ्या चित्रपटाचे (१९८०) काम अर्धवट असताना डॉनर यांना दूर करून रिचर्ड लेस्टर यांना नेमण्यात आले. किडर यांनी त्याबद्दलची नाराजी उघडपणे बोलून दाखविली. तिसऱ्या चित्रपटात (१९८३) लोइस आरंभी व अखेरीस जेमतेम दर्शन देते. या दोन गोष्टींचा संबंध अनेकांनी जोडला आहे. तो चरित्रकारांचा विषय.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती दुसऱ्या चित्रपटातील रहस्यभेदाची घटना. लेस्टर यांच्या आवृत्तीत क्लार्क अडखळतो, त्याचा हात शेगडीत पडतो आणि तो भाजत नाही. लोइसचा संशय येथे अपघाताने खरा ठरतो. डॉनर यांच्या २००६ मध्ये प्रकाशित झालेल्या आवृत्तीत ती क्लार्कवर पिस्तूल रोखते आणि चाप ओढते. तो ताठ उभा राहून ओळख मान्य करतो, तेव्हा ती सांगते की काडतूस पोकळ होते. लोइसची जिज्ञासा येथे आपले फळ स्वतः मिळविते. हा प्रसंग डॉनर यांच्याकडून चित्रित होऊ शकला नव्हता; म्हणून तो निवडचाचणीच्या जुन्या चित्रणातून जुळविण्यात आला, आणि जोड लपत नाहीत. तरीही विजयाचा आनंद ओसरून आपण काय जाणून बसलो याची जाणीव किडर यांच्या चेहऱ्यावर उमटते, ती पूर्ण चित्रपटातील कोणत्याही क्षणाइतकी स्पष्ट आहे. ही भूमिका तेव्हा त्यांना मिळालेलीही नव्हती.