सातबाऱ्याबाहेरचे दुःख

जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) ही कादंबरी शेतकऱ्याच्या सर्वनाशाची कहाणी म्हणून वाचली जाते. ती तशी आहेही. ओक्लाहोमातील सॅलिसॉजवळचे जोड कुटुंब जमिनीवरून उठते, मोडक्या ट्रकमधून कॅलिफोर्नियाला जाते आणि तिथे मजुरीसाठी मजुराशीच झुंजते. हुकूम बँकेचा असतो, पण घर पाडायला ट्रॅक्टर घेऊन येतो तो ओळखीच्याचाच पोरगा. अर्थव्यवस्था कोसळते म्हणजे काय होते, ते या एका चित्रात कळते.

परंतु या दुःखाचे कारण केवळ धुळीच्या वादळात शोधणारा वाचक फसतो. वादळांचा मोठा तडाखा राज्याच्या पश्चिम टोकाला बसला. सॅलिसॉ पूर्वेला आहे. तिकडची कुळे उठली त्यामागे कापसाचा पडलेला भाव होता. १९२९ साली पौंडाला सुमारे १७ सेंट मिळत. १९३१ मध्ये तो ६ सेंटांच्या आसपास आला. १९३३ पासून रूझवेल्ट सरकारने लागवड घटवण्यासाठी पैसे दिले. ते मालकाच्या हाती पडले. अनेक मालकांनी वाटेकऱ्याचा वाटा बुडवला, त्याला जमिनीवरून काढले आणि ट्रॅक्टर आणले. मदत मालकीच्या कागदामागून चालते.

दक्षिणेतल्या कापूसपट्ट्यात या वाटेकऱ्यांमध्ये काळी माणसे फार मोठ्या संख्येने होती. १९३४ साली आर्कन्सॉमधील टायरॉन्झाजवळ ११ गोऱ्या आणि ७ काळ्या माणसांनी मिळून वाटेकऱ्यांची संघटना उभारली. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने शेतमजूर व घरकामगार वगळले. काळे कष्टकरी बहुसंख्येने याच कामांत होते. स्टाइनबेकच्या महामार्गावर ही माणसे जवळजवळ दिसत नाहीत. कुळांच्या आज्यांनी मूळ रहिवाशांना मारून, हाकलून ही जमीन घेतली, हेही कादंबरी ओझरते सांगते आणि पुढे जाते. ज्याची जमीन आज गेली त्याचे महाकाव्य होते. ज्याची आधीच हिरावली गेली, ज्याला ती कधी मिळालीच नाही, त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते.

आपल्या ग्रामीण साहित्याचे बव्हंशी काय चालले आहे? भाव पडला, पाऊस गेला की ते शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून रडते. ते रडणे खोटे नाही. पण शेतकऱ्याचे पीक बुडते त्याच दिवशी गावकुसाबाहेरचे काम बंद होते आणि चूल विझते. माझ्या घरात सातबारा कधी नव्हता, म्हणून हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. २००८ च्या कर्जमाफीत शेतीकर्ज माफ झाले. ज्याला बँकेने कधी दारात उभे केले नाही, त्याचे काय माफ होणार? जमीन नसलेल्या शेतमजुराने जीव दिला तर तो शेतकरी आत्महत्येच्या मदतीच्या निकषात बसत नाही.

१९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. त्यांचा प्रश्न आपल्या समीक्षेने प्रत्येक ग्रामीण कादंबरीला विचारला पाहिजे : या पुस्तकातली जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि तीत राबणाऱ्याचे नाव कोणत्या पानावर आहे?