कथेतील कथाकार

रहस्यकथा म्हणजे मृत्यूचे कोडे घालून वेळ घालविण्याचे साधन, असा समज आपल्याकडे रूढ आहे. १८२८ पासून वाचनालय चालविणाऱ्या रत्नागिरीतही तो ऐकू येतो. या समजाची खरी परीक्षा काही रहस्यकथाकारांनी स्वतःच घेतली आहे. कथेत एक काल्पनिक कादंबरीकार आणून, त्याच्या नावावर कधीही न लिहिलेली पुस्तके मांडून, त्याच्या आडून त्यांनी आपल्याच कलेची झडती घेतली.

सत्यजित राय यांचे लालमोहन गांगुली ऊर्फ 'जटायू' अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या कादंबरीतील उंटाविषयीची चूक फेलूदा 'सोनार केल्ला'त (१९७१) दाखवून देतो. अगाथा ख्रिस्ती यांच्या एरिएडनी ऑलिव्हरबाई फिनलंडचा नायक निर्माण करतात, पण फिनलंडची त्यांना माहिती नसते. दोन्हीकडे आपण मनमुराद हसतो. तथापि हे हसू तपशिलापुरतेच आहे. उंटाविषयीची चूक पुढील आवृत्तीत दुरुस्त करता येते. माणसाविषयीची चूक तशी सहज दुरुस्त होत नाही.

डोरोथी सेयर्स यांनी हा प्रश्न अधिक खोलवर नेला, असे आम्हांस वाटते. त्यांची हॅरिएट व्हेन ही रहस्यकथालेखिका. 'स्ट्राँग पॉयझन'मध्ये (१९३०) प्रियकराच्या विषप्रयोगाचा आळ येऊन ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. पुढे 'गॉडी नाइट'मध्ये (१९३५) तिची नवी कादंबरी अडते. कोडे चोख आहे, परंतु विल्फ्रेड हे पात्र निर्जीव आहे. त्याला खऱ्या माणसाचे मन दे, असा सल्ला लॉर्ड पीटर देतो. तसे केल्यास रचना मोडेल आणि स्वतःच्या जखमाही उघड्या पडतील, हे ती जाणते. विवेकबुद्धीची तपासणी याहून वेगळी ती काय?

हॅरिएटचे ते पुस्तक आपणांस वाचावयास मिळत नाही, ही उणीव खरी. परंतु त्या सल्ल्याची कसोटी बाहेरची कादंबरी स्वतःवर लावून घेते: 'गॉडी नाइट'मध्ये एकही खून होत नाही, तरीही माणसाला दिलेल्या दुखापतीचे मोल त्यात पानोपानी जाणवते.

काळापहाड आणि झुंजार यांच्या साहसांनी बाबूराव अर्नाळकरांनी मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली, हे ऋण मोठे आहे. त्या वाटेने पुढे जाणाऱ्या लेखकाने प्रेत कोठे सापडले हे अवश्य सांगावे. पण त्या मरणाने कोणाचे घर रिते झाले, हेही विसरू नये.