‘गांवगाडा’ आणि नगरसभासदाचें वेतन

कै. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून जुन्या गांवव्यवस्थेविषयीं कांहीं लिहावयाचें झालें कीं, पाटील, कुळकर्णी व बारा बलुते यांची माहिती त्यांतून उतरून घेण्याचा प्रघात पडला आहे. ग्रंथाचा मुख्य प्रश्न मात्र या उताऱ्यांत येत नाहीं. गांवचें काम करणाराचा मोबदला कोण देतो, आणि त्या मोबदल्यापोटीं काम होतें कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. नागपूरच्या नगरसंस्थेच्या इतिहासासही तो लावून पाहण्याजोगा आहे.

आत्र्यांचा निष्कर्ष कठोर आहे. वतनदाराचा हक्क वंशपरंपरेनें चालत राहिला, चाकरी सैल पडली, आणि भार कुणब्याच्या खळ्यावर आला. वतनी कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस हें पटेल. होळीची पोळी पहिली कोणाची, पोळ्याचा बैल पुढें कोणाचा, टिळा-विडा आधीं कोणास, हीं कलमें महजरांत जितक्या बारकाईनें येतात, तितक्या बारकाईनें कामाचें कलम क्वचितच येतें. तरी एक गोष्ट निर्विवाद आहे : काम फुकट नव्हतें. पूर्वींचे लोक केवळ मानासाठीं गांवकी करीत, असें व्याख्यानांतून ऐकूं येतें. त्यास या कागदांत आधार नाहीं. मान हा हक्काबरोबर चाले, हक्काच्या बदलीं नव्हे.

बिनपगारी सभासद हा इंग्रजी अमलांतील प्रकार. नागपूरची म्युनिसिपालिटी १८६४ सालची. रिपनचा ठराव १८८२ चा, मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा १८८३ चा. खुद्द इंग्लंडांतही नगरसभासदाच्या बुडालेल्या रोजगाराची भरपाई करण्याची सर्वसाधारण तरतूद १९४८ पर्यंत नव्हती. असें काम करावयास घरचें उत्पन्न हवें, म्हणजे वकील, सावकार आणि मालगुजार. (नागपूरकडील पाटील भोसल्यांच्या वेळीं देशावरल्यासारखा वतनदार नव्हता, १८६० नंतरच्या बंदोबस्तानें तो मालगुजार, म्हणजे जमिनीचा मालक, झाला. आत्र्यांचें गांव देशावरचें आहे, हें त्यांचे उतारे इकडे लावणारांनीं विसरूं नये.)

ग्रंथाची उणीव येथेंच दिसते. आत्र्यांची दृष्टि देणाराच्या बाजूची आहे. हक्क अमर्याद झाले म्हणजे काय होतें तें त्यांनीं उत्तम दाखविलें. हक्क मुळींच नसला म्हणजे काम कोणाच्या हातीं जातें, हें तोलून पाहिलें नाहीं. अथेन्सच्या लोकांस तें कळलें होतें. इजिप्तांत मिळालेल्या पपायरसावरून अरिस्टॉटलचा ‘अथेन्सची राज्यघटना’ हा ग्रंथ १८९१ सालीं छापला गेला. त्यांत सभेच्या सभासदास दिवसाला पांच ओबोल दिल्याची नोंद आहे. रोजंदारी बुडवून गरिबानें सभेंत बसावें तर त्यास रोज दिलाच पाहिजे, हा त्यांतील साधा हिशेब.

नागपुरास १९५१ सालीं महानगरपालिका आली. २०१७ सालीं राज्यसरकारनें नागपूर व पुणें येथील नगरसेवकांस दरमहा २०,००० रुपये ठरविले. पूर्वीं ते ७,५०० होते. त्याच सालीं नागपुरांत १५१ सभासद निवडले गेले, आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव होत्या. घरचें उत्पन्न असलेला वकील हा आतां सभासदाचा नमुना राहिला नाहीं. नळ, गटार व दिवाबत्तीच्या तक्रारी दारावर घेणें हें पुष्कळांचें दिवसभराचें काम झालें आहे. तरी रकमेचें नांव मात्र ‘मानधन’च! हा शब्द आम्हांस पसंत नाहीं. वाढ झाली कीं लोक मानाच्या लोभाची चर्चा करितात, कामाच्या तासांची करीत नाहींत. २०२२ च्या मार्चांत मुदत संपून प्रशासक आला व मानधन थांबलें. अर्जदारांनीं त्या दारांकडे जाणें थांबविलें असेल, असें कोणी म्हणणार नाहीं.

संग्राहकांस एवढेंच सांगावयाचें. वतनी कागद टिकले, कारण त्यांनीं हक्क शाबीत होई. भाऊबंद ते पेटींत जपून ठेवीत. नगरसेवकाच्या मोबदल्यास वारस नाहीं, म्हणून त्याचे कागद पांच वर्षांनीं रद्दींत जातात. अर्जांच्या चळती, तक्रारींच्या वह्या, स्वखर्चानें भरलेल्या टपाल-छपाईच्या पावत्या आणि सभेच्या हजेरीचे उतारे इतके जरी दहा-वीस घरांतून मिळाले, तरी आत्र्यांचा प्रश्न नागपूरपुरता आंकड्यांनीं सोडवितां येईल. जुन्या सभासदांपैकीं पुष्कळांचीं घरें महालांत व इतवारींत आहेत; पेठेंत नाण्यांच्या शोधार्थ जाणारांनीं तेथें एकदां विचारावें.