थेऊरला रडणारे वऱ्हाडी

इंग्रज माणसाला ट्यूडर घराण्यावरचं पुस्तक दिसलं की त्याचा हात खिशाकडे जातो. आठवा हेन्री, त्याच्या सहा बायका, त्यांतल्या दोघींचा शिरच्छेद. सगळी कथा पाठ, तरी नवी कादंबरी हवीच. आपण हसायचं कारण नाही. आपले ट्यूडर शनिवारवाड्यात राहत होते. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ 1909 साली आलं, रणजित देसायांची ‘स्वामी’ 1962 साली, इनामदारांची ‘राऊ’ 1972 साली, आणि आपलं पोट अजून भरलेलं नाही.

पुणेकरांचं एक समजू शकतं. वाडा त्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. पण अकोल्या-अमरावतीच्या वाचकाने ‘स्वामी’ उशाशी घेऊन रडावं? अहो, 1769 साली हेच माधवराव आमच्या जानोजी भोसल्यांवर चालून आले होते! नागपूर लुटलं गेलं, कनकापूरला तह करावा लागला. आणि वऱ्हाडी वाचक मनाने उभा कुठे, तर पेशव्यांच्या छावणीत! आमच्या एका काकूंना मी हे ऐकवलं, तर त्या म्हणाल्या, “जाऊ दे नं बाप्पा! सत्तावीस वर्षांचं पोरगं गेलं नं!”

काकूंनी एका वाक्यात समीक्षा उरकली. राक्षसभुवनची लढाई 1763 सालची, हे कुणाच्या लक्षात राहत नाही, थेऊर राहतं. काकाला वाटा हवा, पुतण्या कर्तबगार पण तब्येतीने खचलेला, आणि मधल्यामध्ये कुढणारी बायको. हे कुटुंब शेतीच्या वाटणीवरून कोर्टात गेलेल्या प्रत्येक घराला ओळखीचं वाटतं. देसायांनी ते नेमकं हेरलं. माझी तक्रारही तिथेच आहे. घर त्यांनी इतकं देखणं सजवलं, की फौजेने तुडवलेलं शेत कुणाचं होतं, हे विचारायचं वाचकाला सुचतच नाही.

बरं, आमच्याकडे माल नव्हता असंही नाही. तिकडे ट्यूडर होते तेव्हा इकडे एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, इमादशाही नांदत होती. तिचा शेवटचा राजा बुऱ्हाण पोरवयाचा. वजीर तुफालखानाने त्याला नरनाळ्यावर कोंडून कारभार बळकावला. 1574 साली अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने किल्ला घेतला आणि घराणंच संपलं. लंडनच्या बुरुजात कोंडलेल्या दोन राजपुत्रांवर इंग्रजांनी 500 वर्षं शाई ओतली. आमच्या बुऱ्हाणच्या वाट्याला दौतभरही नाही. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर, गाविलगड ज्यांच्या जन्मगावाजवळचा, तेसुद्धा रमले राजगडावर!

पेशव्यांनी कागद ठेवले, हा खरा फरक. सरदेसायांनी त्यांच्या दप्तरातून निवडून 45 खंड छापले. कादंबरीकाराला रुसवेफुगवे आयते मिळतात. नरनाळ्यावर आहेत ते दगड.

तरी लोक तिथे जातात. रविवारी अकोटावरून गाड्या निघतात, महाकाली दरवाजापुढे फोटो होतात, डबे उघडतात. आणि गड उतरताना गाडीत वाद रंगतो, तो आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ खरंच केला का, यावर.