जत्रा भरते, महोत्सव भरविला जातो

उत्सवांतील राजकारण शोधू पाहणारा अभ्यासक बहुधा व्यासपीठाकडे पाहतो; क्रियापदाकडे त्याचे लक्ष जात नाही. वसई-विरार परिसरात, अन्यत्र मराठीत होते त्याप्रमाणेच, सण येतो, जत्रा भरते, महोत्सव मात्र भरविला जातो. पहिल्या दोन वाक्यांत माणूस कर्ता नाही. तिसऱ्यात 'च्या वतीने', 'च्या विद्यमाने' ही पदे येतात आणि त्यांच्याबरोबर नावे. सत्तेचा प्रवेश होतो तो येथे, प्रयोजक क्रियापदाच्या वाटेने.

निर्मळची जत्रा कार्तिक वद्य एकादशीस सुरू होते. तिचा दिवस तिथी ठरविते, पाहुण्यांची सोय नव्हे. गावात मंदिर आहे तसेच चर्चही आहे, आणि सुकेळी घेणाऱ्यास त्याचा धर्म कोणी विचारीत नाही. तथापि 'भरते' हे क्रियापद निरागस मानण्याचे कारण नाही. दुकानांच्या जागा आणि बंदोबस्त कोणीतरी ठरवितोच. अकर्मक रचना त्याला केवळ दृष्टीआड करते. जत्रेविषयीचे आपले बरेचसे हळवे लेखन या रचनेला फसलेले आहे. त्या मानाने महोत्सव अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण तो आपला कर्ता कमानीवर रंगवून ठेवतो!

त्या कमानीवरील 'स्वागतोत्सुक' हे विशेषण विशेष बोलके आहे. स्वागत करणारा तो यजमान. उरलेले सारे पाहुणे. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा तालुक्यातील अनेक गावांनी तीत जाण्यास विरोध केला व तो वाद न्यायालयापर्यंत गेला. अशा गावाच्या वेशीवर हा शब्द झळकला, तर गावकरी स्वतःच्याच गावात पाहुणा ठरतो. मतभेद मिटविण्यापूर्वीच यजमानपद घेऊन टाकण्याची ही रीत होय.

वसईच्या किल्ल्यात हाच प्रश्न अधिक बिकट होतो. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी 'वसई घेतली', 'जिंकली', की 'वसई पडली', हे बोलणारा कोठे उभा आहे त्यावर अवलंबून असते. तेथे चिमाजी आप्पांचे स्मारक आहे. आणि वसईत जन्मलेल्या, 1597 साली नागासाकी येथे मारल्या गेलेल्या व 1862 साली संतपद लाभलेल्या गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे चर्चही आहे. विजयाचे स्मरण करणारा आणि संताचा सण पाळणारा, दोघेही त्या जागेत काही करावयास जातात. पर्यटक ती 'पाहावयास' जातो, आणि त्याच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या मराठीत तटबंदी, स्मारक व चर्च यांना 'प्रेक्षणीय' हे एकच विशेषण पुरते.