सोलापुरी चादर : एका वस्त्राचे परीक्षण

कलेचे परीक्षण म्हटले की आपल्याकडे चित्र, शिल्प, नाटक, फार तर एखाद्या जुन्या चर्चमधील वेदी एवढेच विषय डोळ्यांपुढे येतात. ज्या वस्तू आपण रोज अंथरतो, पांघरतो आणि धुऊन दोरीवर टाकतो, त्यांना परीक्षणाचा मान मिळत नाही. सोलापुरी चादरीचे हेच झाले आहे. तिच्याविषयी आमच्या वाचनात जे येते ते सुताचे दर, मजुरीचे तंटे आणि बाजारातील मंदी यांविषयी. ते लेखन आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. परंतु चादर ही रचना म्हणून कशी आहे, तिची नक्षी चांगली की सुमार, हे कोणी विचारीत नाही. चादरीच्या आजच्या अडचणींचे एक कारण या अनास्थेतही आहे, असे आमचे मत झाल्यामुळे हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'पारंपरिक' म्हटले की ती वस्तू अनादि काळापासून याच मातीत उगवली असावी, अशी आपली भाबडी समजूत असते. येथे ती टिकत नाही. सोलापूरचे विणकर मुख्यत्वे पद्मशाली समाजाचे. त्यांचे पूर्वज तेलंगणातून आले आणि त्यांच्या घरांत आजही तेलुगू बोलली जाते. १८७७ साली येथे कापडगिरणी निघाली, जिला पुढे 'जुनी मिल' म्हणू लागले. ती बंद पडूनही कित्येक दशके लोटली. नक्षी उमटविणारे जकार्ड यंत्र तर फ्रान्समधील लिआँ शहराचे. जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास ते सिद्ध केले, तेही रेशमासाठी. हात एका प्रांताचे, यंत्र दुसऱ्या खंडाचे, आणि वस्त्र मात्र सोलापूरचे!

यात कमीपणा काहीच नाही. संत पौलाचे जहाज माल्टा बेटापाशी फुटले, ही 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातील हकीकत वाचकांना ठाऊक आहेच. त्या बेटावरची रेशमी लेस जगभर नावाजली गेली, वेदीवस्त्रांना आणि धर्मगुरूंच्या झग्यांना लागली. पण तिचे आजचे रूप १८३० नंतर इटलीतील जिनोव्हाच्या लेसवरून घेतलेले आहे. माल्टाच्या स्त्रियांनी तीत आपला आठ टोकांचा क्रूस गुंफला, गव्हाच्या दाण्यासारखे टपोरे ठिपके भरले, आणि ती माल्टाची झाली. तेव्हा विचारावयाचे ते एवढेच की उसन्या वस्तूत आपण स्वतःचे काय घातले.

सोलापूरने काय घातले ते पाहण्यासाठी चादर उलटावी लागते. जकार्डावर विणताना नक्षी आधी चौकटींच्या कागदावर रेखाटतात. मग आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीसाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड कापतात. कार्डाला जेथे भोक, तेथला उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तेथला खाली राहतो. अशी शेकडो कार्डे दोरीत ओवून त्यांची माळ मागावर टांगतात. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की कार्ड एक घर पुढे सरकते. (इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी हीच कार्डे योजली होती. आपल्या मुलांच्या संगणकाचे गोत्र असे मागाशी जाऊन भिडते.) चादरीचे वैशिष्ट्य असे की तिचे पोत दुहेरी असते. दर्शनी बाजूस नक्षीसाठी गडद रंग वर आला की फिकट रंग त्याच जागी पालथ्या बाजूस जातो. त्यामुळे पालथी बाजू वाया जात नाही. तेथे तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन उमटते. भरतकामाच्या मागे गाठी दिसतात, छापील कापडाची मागची बाजू फिकी असते. येथे झाकण्याजोगी बाजूच नाही. काठात विणलेले नाव तेवढे मागून आरशातल्यासारखे उलटे वाचावे लागते. शिवाय दोन थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि तिनेच ऊब मिळते. म्हणजे ज्या बांधणीने शोभा आली, तिनेच थंडीही अडली. उत्तम रचनेची याहून चांगली साक्ष आम्हांस ठाऊक नाही.

नक्षीकडे वळू. मोर घ्या. त्याची मान चित्रातल्यासारखी वळत नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी चढते. कारण सूत जाड आहे आणि धागा वर किंवा खाली एवढेच जाणतो. नवशिक्या डोळ्याला हा दोष वाटतो. आमच्या मते चादरीचा खरा डौल याच पायऱ्यांत आहे. ठसठशीत मोर, भरीव फूल, दोन्ही टोकांना जाड काठ हे सारे जाड सुताचे व्याकरण ओळखून केलेले आहे. याच्या उलट जकार्डावर विणलेल्या व्यक्तिचित्रांच्या भिंतीवरील चौकटी. त्यांतील कारागिरी पाहून मन थक्क होते, पण समाधान पावत नाही. छायाचित्राशी स्पर्धा करण्याच्या नादात माग आपली भाषा सोडतो. हा मोह जुनाच आहे. खुद्द जकार्डचे चित्र १८३९ साली लिआँला रेशमात विणले गेले, त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली, आणि ते विणलेले की कोरलेले हे पाहणाऱ्यास कळत नसे. तलम रेशमाला ते साधले. जाड सुताने त्या वाटेला का जावे?

खरा दोष मात्र वेगळा आहे. नक्षी थांबली आहे. तोच मोर, तेच फूल, त्याच चौकड्या घरोघरी आहेत. सत्कारात मिळालेल्या चादरींची आमच्या कपाटात मोठी चवड आहे. तीत वेगळी म्हणावी अशी नक्षी शोधून सापडत नाही. कारखानदाराचे नाव काठात येते. कागदावर नक्षी काढणाऱ्याचे नाव कोठेच येत नाही, आणि ज्याला नाव नाही त्याने नवे काही का करावे? याच जिल्ह्यात धनगरांची घोंगडी पाहावी. चिंचोक्याची खळ दिलेले, मेंढराच्या अंगचाच रंग ल्यालेले ते वस्त्र नक्षीवाचूनही पूर्ण असते. त्याला शिळेपणा येत नाही. चादरीने नक्षीचा संसार मांडला आहे, तेव्हा तिला तो चालवणे भाग आहे.

१९९९ च्या कायद्यान्वये सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. हे उचितच झाले. तरीही परगावी मिश्र धाग्यात विणलेल्या स्वस्त चादरी 'सोलापुरी' म्हणून खपतच आहेत. नोंदणीने नाव राखता येते. परंतु वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या नक्षीची नक्कल करणे सर्वांत सोपे, हे कायद्याला कसे थोपवता येणार?

आता घरचा आहेर. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून ठरविलेली नाही, सर्व लोकांच्या कलेला येथे वाव आहे, आणि नुसत्या डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्य हवे, असा त्याचा आशय आहे. असे असता आमच्या पाहण्यातील कितीतरी वेद्यांवर पॉलिएस्टरची यंत्रलेस अंथरलेली असते. माल्टाच्या स्त्रियांनी बोटे झिजवून केलेल्या लेसची ती नक्कल. म्हणजे ना त्यांची, ना आपली. उपासनेचा नियम वेदीवर किमान एक पांढरे वस्त्र मागतो, लेस मागत नाही. सूतगिरणीच्या गावात राहून आपण हे वस्त्र बाहेरून आणावे, याचे आम्हांस नवल वाटते.

'गादीवरची चादर वेदीवर कशी?' असा आक्षेप येईल. एकदोघांनी आमच्यापाशी तो घेतलाही. चादर नव्हे, चादरीची वीण मागतो आहोत. पांढऱ्या आणि कोऱ्या सुताचे दुहेरी पोत विणता येईल. त्यात गव्हाची लोंबी आणि द्राक्षाचा घड पायऱ्यापायऱ्यांनीच चढू द्यावा, गोलाईचा हट्ट नको. एका वेदीपुरती कार्डे कापणे परवडणार नाही, हे उघड आहे. पुणे धर्मप्रांतातील दहा-पंधरा पॅरिशनी मिळून एकच नक्षी मागितली तर परवडेल. काठात नक्षी काढणाऱ्याचे नाव विणून घ्यावे. पालथ्या बाजूला ते उलटे दिसेल, त्याला इलाज नाही.